शेरूच्या वाट्याचं ऊन

«मुलगी शिकायला परगावी गेली आणि जाताना शेरूला माझ्या हवाली करून गेली. शेरू म्हणजे तिचा बिअर्डेड ड्रॅगन जातीचा पाळीव सरडा, दोन वर्षांचा. आधी मला साधी पाल दिसली तरी अंगावर काटा यायचा; आता सकाळी उठल्यावर पहिली नजर त्याच्या पेटीकडे जाते. पेटी काचेची आहे, ६० सेंटिमीटर लांब. आत विजेवर तापणारा दगड आहे आणि वर लाल दिवा, तो रात्रंदिवस चालू असतो. काचेला चिकटवलेला गोल थर्मामीटर बरोबर ३५ दाखवतो. तरी दोन आठवडे झाले, तो नीट खात नाही. दिवसभर त्या दगडाला पोट लावून पडलेला असतो आणि रंग काळपट झालाय. काल उचलला तेव्हा पोटावर तपकिरी, कडक डाग दिसला. त्याला ऊब कमी पडतेय की जास्त होतेय? पेटीत नेमकं किती तापमान ठेवू? मुलीला अजून काही सांगितलेलं नाही.»

ताई, हे वाचता वाचताच उठा आणि त्या दगडाची पिन काढा. दगड पेटीबाहेर ठेवून द्या, पुन्हा आत घालू नका. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल.

तो डाग बहुधा भाजल्याचा आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कातडीवर भाजल्याची खूण उशिरा उमटते, आणि जखम किती खोल गेली आहे हे कळायला आणखी बरेच दिवस जातात. म्हणून «छोटासा डाग आहे, सुकेल» असं समजून थांबू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे एक-दोन दिवसांत न्याच. तोवर घरातलं कुठलंही मलम, तेल किंवा पावडर लावू नका आणि पापुद्रा सोलू नका. पेटीत वाळू किंवा भुसा असेल तर काढून टाका, साधे कोरे कागद अंथरा आणि मळले की बदला. भाजलेल्या जागेतून जंतू आत शिरतात, अंगातलं पाणी बाहेर जातं. स्वच्छ, कोरडी जमीन आणि अंगाला पुरेशी ऊब एवढं तुमच्या हातात आहे.

आता तुमचा प्रश्न. ऊब कमी पडतेय की जास्त होतेय? शेरूच्या बाबतीत दोन्ही एकाच वेळी होत होतं. पोट भाजत होतं आणि पाठ गार होती.

हे ऐकायला विचित्र वाटेल, पण सरड्याच्या अंगाने विचार करून पाहा. बिअर्डेड ड्रॅगन मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. तिथे ऊब वरून येते. सकाळी तो दगडावर किंवा वाळक्या ओंडक्यावर चढतो, अंग चपटं पसरतो, रंग गडद करतो आणि पाठीवर ऊन घेतो. रक्त पाठीकडून ऊब घेऊन अंगभर फिरतं. तापलं की तो उठतो, सावलीत जातो, थोड्या वेळाने परत येतो. आता शेरूची पेटी बघा. वरच्या लाल दिव्यात धग फारशी नसणार. तापलेली जागा एकच, तीही पोटाखाली, आणि तिच्यावर टेकलेली तेवढीच कातडी गरम होते. बाकी सगळं शरीर गारच राहतं. शरीर ऊब मागत राहतं आणि ऊब तर दगडावरच मिळते, म्हणून तो उठत नाही. टेकलेली कातडी मात्र तासन्‌तास शिजत राहते. «गरम लागलं तर तो स्वतः बाजूला होईल» या भरवशावर हे दगड विकले जातात आणि पेटीत ठेवले जातात. याच भरवशाने कितीतरी सरडे आणि साप भाजले आहेत. म्हणून विजेच्या दगडाबद्दल माझं मत ठाम आहे: कुठल्याच पेटीत त्याची गरज नाही.

यात तुमच्या हातून चूक झाली असं मी म्हणणार नाही. दगड आधीपासून तिथे होता, काटा ३५ दाखवत होता, तुम्ही त्यावर विश्वास ठेवलात. पण तो ३५ कशाचा आहे? काचेला चिकटवलेला गोल थर्मामीटर स्वतःच्या आसपासच्या हवेचं आणि काचेचं तापमान सांगतो, तेही बऱ्याचदा काही अंशांनी चुकीचं. शेरू जिथे बसतो त्या पृष्ठभागाबद्दल तो काहीच सांगत नाही. दगड किती तापला होता हे त्या काट्याला कधी कळलंच नाही.

म्हणून «पेटीत किती तापमान ठेवू» या प्रश्नाला एक आकडा सांगता येत नाही. सांगितला तर तो शेरूवर अन्याय होईल. १९४४ मध्ये रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोन अमेरिकी अभ्यासकांनी वाळवंटातल्या सरड्या-सापांच्या तापमानावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तोवर थंड रक्ताचा प्राणी म्हणजे हवा जशी तसं त्याचं अंग, असा सर्वसाधारण समज होता. या दोघांनी दाखवलं की संधी मिळाली तर हे प्राणी ऊन-सावलीत ये-जा करून आपलं अंग दिवसभर ठरावीक, अरुंद टप्प्यात ठेवतात. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली, ती आपल्यासाठी जास्त महत्त्वाची: ज्या तापमानाला प्राणी मजेत वावरतो आणि ज्या तापमानाला तो मरतो, त्यांच्यात कधी कधी थोड्याच अंशांचं अंतर असतं. थंडी त्याला सुस्त करते आणि आपल्याला वेळ देते. अति उष्णता वेळ देत नाही.

तेव्हा शेरूला एका टोकाला भरपूर ऊन हवं, दुसऱ्या टोकाला खरी सावली हवी आणि मधे चालत जाण्याइतकी जागा हवी. पूर्ण वाढलेल्या बिअर्डेड ड्रॅगनसाठी शेकायच्या जागेचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश सेल्सिअस असावा. गार टोकाची हवा २२ ते २६ अंश. रात्री दिवे बंद आणि तापमान १८-२० पर्यंत उतरलं तरी निरोगी प्राण्याला चालतं. वाळवंटात रात्री गारच असतात. सध्या शेरू जखमी आहे, म्हणून उपचार चालू असेपर्यंत रात्रीचं तापमान किती ठेवायचं ते पशुवैद्याला विचारून ठरवा.

हे साधायला ६० सेंटिमीटरची पेटी अपुरी आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. एवढ्या जागेत एक टोक ४० ला नेलं की दुसरं टोकही त्याच्या मागोमाग तापतं. पूर्ण वाढलेल्या ड्रॅगनला किमान १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच पेटी हवी. हा खर्च मोठा वाटेल, पण बाकी सगळी उपकरणं नीट चालायची तर आधी ही लांबी लागते. मोठी पेटी येईपर्यंत कमी वॅटचा दिवा एका कोपऱ्यात लावा, वरची जाळी मोकळी ठेवा आणि गार टोकाकडे सतत लक्ष ठेवा.

दिवा पांढऱ्या उजेडाचा हॅलोजन घ्या, झोत पसरणारा. हॅलोजनच्या धगेत सूर्याच्या धगेसारखे, कातडीच्या आत थोडं खोलवर पोचणारे अवरक्त किरण बऱ्यापैकी असतात. मॅट (पेटीच्या तळाशी अंथरायची विजेची तापणारी चटई) किंवा सिरॅमिक हीटरची धग वरच्यावर राहते. शिवाय उजेड आणि ऊब एकत्र आली की प्राण्याला ते ऊन वाटतं. लाल दिवा काढून टाका. सरड्यांना लाल रंग दिसत नाही ही समजूत चुकीची आहे, त्यांना तो चांगला दिसतो. इतके दिवस रात्रंदिवस लाल उजेडात शेरूला धड रात्र मिळालेली नाही. बारा ते चौदा तास उजेड, मग पूर्ण अंधार, असं वेळापत्रक ठेवा. साधा टायमर लावला की विसरायचा प्रश्न राहत नाही.

दिव्याखाली एक रुंद, चपटा, साधा दगड किंवा जाड फळी ठेवा. झोताचं वर्तुळ एवढं हवं की डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत सगळं धड त्यात येईल. बोटभर जागेवर पडणारा प्रखर झोत पाठीचा एकच भाग भाजतो आणि पोटाकडून झालं तेच वरून होतं. दगड उंच करून किंवा दिवा वर-खाली करून तापमान जुळवा. मोजायला अवरक्त किरणांची बंदूक घ्या, म्हणजे लांबून रोखली की पृष्ठभागाचं तापमान सांगणारं यंत्र. ते काचेच्या बाहेरून रोखू नका. बाहेरून रोखलं तर काचेचंच तापमान कळतं. झाकण किंवा दार उघडून थेट दगडावर रोखा. गार टोकाच्या हवेसाठी तारेला प्रोब, म्हणजे तापमान ओळखणारं टोक, असलेला डिजिटल थर्मामीटर ठेवा. दिवा लावल्यावर एक तास थांबून मोजा, मग दुपारी पुन्हा मोजा, आणि हे सगळं शेरू पेटीत नसताना एकदा करून घ्या. जखम असेपर्यंत मला ४२ पेक्षा ३८-३९ बरं वाटतं.

थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान ठरल्या आकड्यावर आवरून धरणाऱ्या यंत्राशिवाय, कुठलंही तापणारं उपकरण चालवू नका. इथे खरेदी करताना फसायला होतं, कारण थर्मोस्टॅटचे प्रकार वेगवेगळे असतात. हॅलोजनला डिमर प्रकारचा लागतो. तो दिव्याचा जोर हळूहळू कमी-जास्त करतो. नुसता चालू-बंद करणारा लावलात तर दिवा दिवसभर उघडझाप करेल, प्राणी बिचकेल आणि दिवाही लवकर जाईल. चालू-बंद किंवा पल्स प्रकारचा सिरॅमिक हीटरला ठीक असतो.

थर्मोस्टॅटचा प्रोब कुठे आणि कसा बसवता यावर जीव अवलंबून असतो, आणि हे मी पुस्तकी सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडच्या एका लेपर्ड गेकोने (ही पाळीव पालीची एक जात) रात्री मॅटवरचा प्रोब उकरून बाजूला ढकलला. प्रोब गार जमिनीवर पडला, थर्मोस्टॅटला वाटलं पेटी थंड आहे, आणि मॅट रात्रभर पूर्ण जोराने तापत राहिली. मॅटवर मातीचा जाड थर होता. गेको त्यात खोल उकरत जाऊन थेट तिच्यावर झोपली. ती वाचली, पण पोटावरचा व्रण शेवटपर्यंत राहिला, आणि तो दिसला की मला ती सकाळ आठवते. तेव्हापासून मी प्रोब पट्टीने किंवा चापाने घट्ट अडकवते, चिकटपट्टी वापरत नाही (ती सुटते, आणि कातडीला चिकटली तर सोलून काढते), आणि रोज सकाळी दिवे लावताना प्रोब जागेवर आहे ना ते बोटाने चाचपते. दुसरी सवय: दिव्याची वॅट अशी निवडते की थर्मोस्टॅट बिघडून दिवा पूर्ण जोराने चालू राहिला तरी शेकायची जागा दोन-चार अंशच वर जाईल. मोठा दिवा आणून थर्मोस्टॅटच्या भरवशावर तो दाबून ठेवणं मला धोक्याचं वाटतं.

खोली रात्री १८ अंशांखाली जात असेल तरच सिरॅमिक हीटर लावा. तो उजेड देत नाही. त्याला चिनी मातीचाच होल्डर लागतो, प्लास्टिकचा वितळतो. त्याच्याभोवती तारेची जाळी हवी, कारण त्याचा पृष्ठभाग स्पर्शाने भाजेल इतका तापतो आणि बंद केल्यावरही बराच वेळ तापलेला राहतो. दिव्याचा चाप पेटीच्या काठाला नुसता अडकवून ठेवू नका. एखाद्या धक्क्याने तो आत किंवा पडद्यावर पडतो आणि आग लागते. दिवा टांगून पक्का बांधा.

अतिनील दिव्याचा उल्लेख पत्रात कुठेच नाही, म्हणून विचारते: पेटीत यूव्हीबी नळी आहे का? नसेल तर हॅलोजनइतकीच तिचीही घाई करा. यूव्हीबीमुळे कातडीत ड जीवनसत्त्वाचं पूर्वरूप तयार होतं, मग उबेमुळे त्याचं जीवनसत्त्व होतं, आणि त्याच्या जोरावर कॅल्शियम हाडांपर्यंत पोचतं. दोन्हींपैकी एक कमी पडलं तरी हाडं मऊ होतात, जबडा लवचीक होतो, पाय थरथरतात. पशुवैद्याला हेही तपासायला सांगा. नळी शेकायच्या जागेच्या वरच असावी, म्हणजे ऊब आणि अतिनील किरण एकाच ठिकाणी मिळतात. मधे काच असेल तर ते किरण जवळजवळ सगळे अडतात, बारीक जाळीही बराच हिस्सा खाते.

हे वाचून कुणीतरी तुम्हाला सुचवेल की पेटी खिडकीत उन्हात ठेवा, फुकटचं ऊन आहे. कृपा करून तसं कधीही करू नका. काचेतून यूव्हीबी येत नाही, धग मात्र आत येते आणि अडकते. बंद काचेच्या पेटीत थेट ऊन आलं तर थोड्या वेळातच आतलं तापमान प्राणघातक होतं आणि पळायला सावली नसते. शेरूला खरं ऊन द्यायचं असेल तर जाळीच्या पिंजऱ्यात, निम्मी सावली ठेवून, तुम्ही शेजारी बसून द्या.

खाण्याचं म्हणाल तर सध्या जबरदस्ती करू नका. गार अंगात पचन चालत नाही. पोटात गेलेले किडे तसेच पडून कुजतात. आधी ऊब नीट करा, दोन-तीन दिवस त्याला शेकू द्या, मग थोडंसं समोर ठेवून पाहा. नेहमीच्या खाण्याच्या वेळेआधी दोनेक तास आणि खाल्ल्यानंतरही काही तास दिवा चालू असायला हवा.

आजारी प्राण्याला ऊब निवडू देण्यामागे आणखी एक मोठं कारण आहे. १९७५ मध्ये मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वानांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. जंतुसंसर्ग झालेले इग्वाना वेगवेगळ्या तापमानांत ठेवले, तेव्हा ३४ ते ४२ अंशांच्या दरम्यान जितकी ऊब जास्त, तितके जगणारे जास्त निघाले. आणि निवड त्यांच्यावर सोपवली की संसर्ग झालेले सरडे आपणहून नेहमीपेक्षा जास्त गरम जागा धरतात. आपल्याला ताप आपोआप चढतो. त्यांना तो उन्हात जाऊन आणावा लागतो. शेरू जखमी असताना जास्त वेळ दिव्याखाली बसला तर त्याला हुसकू नका. गार टोकाची वाट मात्र मोकळी हवी.

आता त्याच्याकडे बघून काय ओळखायचं. दिव्याखाली तोंड उघडून शांत बसला असेल तर घाबरू नका, अंग पुरेसं तापलं की ते जास्तीची धग अशीच सोडतात. गार टोकाला जाऊनही तोंड उघडं, किंवा दिवसभर काचेवर पाय मारत सुटकेची धडपड, म्हणजे सगळी पेटीच तापली आहे. दिवा लगेच कमी करा. सकाळी काळपट असून तासाभरात उजळला तर ठीक. दिवसभर काळपटच राहिला तर शेकायची जागा मोजा, ती कमी तापत असणार, किंवा त्याला काहीतरी दुखतंय. सगळा दिवस दिव्याखालीच काढणं आणि दिव्याजवळ अजिबात न जाणं, दोन्ही वेळा आधी यंत्राने मोजा, मग प्राण्यावर शंका घ्या.

वीज गेली तर लगेच काही बिघडत नाही. पेटीवर जाड पांघरूण टाका, हवेला फट ठेवा, आणि फार वेळ लागला तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एका टोकाला ठेवा. खोलीच ३० च्या पुढे जाते अशा दिवसांत उलट काळजी घ्या: दिव्याचे तास कमी करा, खोलीत वारा खेळता ठेवा, पेटी जमिनीलगत आणा. गार टोक २८-२९ च्या वर जाऊ लागलं की तो दिवस दिव्याविना गेला तरी चालेल.

हे आकडे शेरूच्या जातीचे आहेत, म्हणून वाचणाऱ्या इतरांनी ते जसेच्या तसे उचलू नयेत. लेपर्ड गेकोला शेकायचा पृष्ठभाग ३२ ते ३४ पुरतो, बॉल पायथन या अजगराला ३१ ते ३३. न्यू कॅलेडोनियातल्या जंगलातून आलेल्या क्रेस्टेड गेकोला तर २८ च्या वरची हवाच त्रास देते. शेरूचं ऊन त्याच्या जिवावर बेतेल.

ताई, मुलीला सांगा. आजच सांगा. डागाचा फोटो पाठवा आणि दगड काढल्याचंही सांगा. दगड तिच्याही आधी कुणीतरी चांगल्या समजुतीनेच दिला असणार, आणि पुढची पेटी मांडताना तिची मदत तुम्हाला लागेल. एक वही घ्या, सकाळ-दुपार-रात्र गरम टोक, गार टोक आणि त्याने काय खाल्लं ते लिहा, आणि ती वही पशुवैद्याकडे घेऊन जा. दोन आठवड्यांनी त्या नोंदी मलाही कळवा, शेरूचा रंग सकाळी किती वेळात उजळतो त्यासकट.